पातळ लिक्विड क्रिस्टल फिल्ममध्ये सरफेस नेमकं काय करतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली काही वर्षं पुण्यात एमएस्सीच्या मुलामुलींचे लिक्विड क्रिस्टलवरचे प्रोजेक्ट बघते आहे, दरवर्षी जून-जुलैमध्ये नवीन बॅच येते आणि तेच प्रश्न परत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. क्रम फार लावलेला नाही, जसे प्रश्न आठवले तसे घेतलेत.

मॅडम, आधी हे सांगा, लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रव की स्फटिक?

वाहतो द्रवासारखा, पण आतले रेणू एका दिशेला तोंड करून असतात, ते स्फटिकासारखं. १८८८ मध्ये प्रागला फ्रीडरिश राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं, १४५.५ डिग्रीला गढूळ द्रव झाला आणि १७८.५ ला एकदम स्वच्छ. तो मधला गढूळ द्रव म्हणजे लिक्विड क्रिस्टल. आपण लॅबमध्ये बहुतेक वेळा ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल वापरतो, जॉर्ज ग्रे यांनी इंग्लंडात हल युनिव्हर्सिटीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेल्या घराण्यातलं. रेणू साधारण २ नॅनोमीटर लांब, काडीसारखा. शेवयांच्या पुड्यात शेवया कशा एकाच दिशेला पडलेल्या असतात, कोणती पुढे कोणती मागे याला काही नियम नाही पण दिशा एकच, ती नेमॅटिक अवस्था. त्या सरासरी दिशेला डायरेक्टर म्हणायचं. आणि रांग किती घट्ट आहे त्याचा आकडा म्हणजे ऑर्डर पॅरामीटर, साध्या द्रवात तो शून्य, ५सीबीमध्ये रूम टेम्परेचरला ०.६ च्या आसपास.

मग सरफेसचा एवढा बाऊ कशाला? तो तर फक्त कडेला असतो ना?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर नीट कळलं तर बाकीचं अर्धं आपोआप कळतं. नेमॅटिकला स्वतःची अशी आवडती दिशा नसते. सगळ्यांनी एका दिशेला असावं एवढीच त्याची मागणी, ती दिशा पूर्व-पश्चिम असो की उभी-आडवी, त्याला फरक पडत नाही. म्हणजे दिशा ठरवायला बाहेरचं कुणीतरी लागतं, आणि ते काम काच करते. बाटलीत ५सीबी ठेवलं तर दुधट दिसतं कारण प्रत्येक भाग वेगळ्या दिशेला, त्यात उजेड विखुरतो. तेच ५सीबी दोन नीट तयार केलेल्या काचांमध्ये ५-१० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीत भरलं की पारदर्शक होतं, एकसंध, एकाच दिशेचं.

गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर पथकाचा दोर धरलेली माणसं बघा, दोराला जी पोरं लागून असतात ती दोराच्या रेषेत चालतात, आणि त्यांच्या शेजारचे त्यांना बघून, आणि त्यांच्या शेजारचे त्यांना बघून, असं करत दहा रांगा आतपर्यंत दोराची दिशा पोचते, जरी आतल्या माणसानं दोर डोळ्यांनी पाहिलेला नसला तरी. नेमॅटिकमध्ये हे शेजाऱ्याला बघून वळणं म्हणजे इलॅस्टिसिटी. रेणू २ नॅनोमीटरचा आणि काचेचा हुकूम पोचतो कितीतरी मायक्रॉन आत, म्हणजे हजारो रेणू ओलांडून.

‘पातळ’ म्हणजे किती पातळ?

डिस्प्लेमधली फट ४-५ मायक्रॉन असते, डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन. पण मायक्रॉनचा आकडा सुटा धरून उपयोग नाही, त्याच्याशी तुलना करायला दुसरी एक लांबी लागते, ती पुढे येतेच.

अँकरिंग म्हणजे काय?

सरफेसनं रेणूला जी दिशा धरून ठेवायला लावली ती. आडवी असली तर प्लेनर, उभी असली तर होमिओट्रॉपिक, मधली असली तर टिल्टेड. साधी स्वच्छ काच ५सीबीला आडवं झोपवते पण कोणत्या दिशेला ते सांगत नाही, म्हणून मायक्रोस्कोपखाली ते काळ्या ब्रशसारखे पट्टे दिसतात, एका बिंदूतून दोन नाहीतर चार निघालेले. काचेला लेसिथिन किंवा लांब शेपटीचं सिलेन, म्हणजे काचेला चिकटणारं रसायन, लावलं की रेणू उभे राहतात, कारण त्या शेपट्या गवतासारख्या उभ्या असतात आणि रेणू त्यांच्यामध्ये शिरतात.

कापडानं घासलं की रेणू रांगेत येतात हे खरंय? इतकं साधं?

खरंय. करायला साधं, समजायला अजिबात नाही.

काचेवर पॉलिइमाइड या पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, भट्टीत पक्का करायचा आणि मखमलीनं एकाच दिशेला घासायचं. कारखान्यात रेयॉनच्या मखमलीचे रोलर असतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी लक्ष्मी रोडवरून ब्लाउजच्या कापडाच्या दुकानातून मरून मखमलीचा अर्धा मीटर आणला होता, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला, स्लाइड टेबलाला चिकटवली आणि ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनानं वीस वेळा ओढला, एकाच दिशेला, परत आणताना उचलून. हे उचलणं मुलं विसरतात. मग अशा दोन काचांच्या फटीत ५सीबी भरून केलेला सेल क्रॉस केलेल्या पोलरायझरमध्ये (पोलरायझर एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड जाऊ देतो, असे दोन काटकोनात) ठेवून फिरवला की ४५ डिग्रीला लख्ख उजेड आणि ९० ला काळोख, पूर्ण स्लाइडभर एकसारखा. पहिल्यांदा ते बघताना अख्खा ग्रुप गप्प झाला होता, आणि मला अजूनही दर बॅचला ते दाखवताना तितकंच छान वाटतं.

आता का होतं. घासलेली काच रेणूंना रांगेत आणते हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत होतं, फ्रान्समध्ये मोगँ आणि नंतर शातलँ यांनी त्यावर काम केलं. १९७२ मध्ये बेरेमन यांनी हिशोब मांडला: घासल्यानं बारीक खाचा पडतात, रेणू खाचांना आडवे पडले तर त्यांना प्रत्येक उंचवट्यावर वाकावं लागतं, त्याची एनर्जी लागते, म्हणून ते खाचेच्या बाजूनं झोपतात. फॉर्म्युला असा की अँकरिंगची ताकद खाचेच्या खोलीच्या वर्गावर वाढते आणि दोन खाचांमधल्या अंतराच्या घनावर घटते. म्हणजे अंतर अर्धं केलं की ताकद आठपट. १० नॅनोमीटर खोल आणि २०० नॅनोमीटर अंतराच्या खाचा धरा, इलॅस्टिक कॉन्स्टंट (रेणूंची रांग वाकवायला किती जड आहे त्याचा आकडा) १० पिकोन्यूटन, उत्तर येतं सुमारे ८ गुणिले १० चा उणे सहावा घात ज्यूल प्रति चौरस मीटर. हे ठीकठाक आहे, पण घासलेल्या पॉलिइमाइडवर मोजलं तर यापेक्षा दहापट-शंभरपट जास्त येतं.

म्हणजे खाचांनी गोष्ट पूर्ण होत नाही. घासताना पॉलिमरच्या साखळ्याही ताणल्या जाऊन एका दिशेला होतात आणि रेणू त्या साखळ्यांना धरून बसतात. याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा म्हणजे पॉलिस्टायरिन. ते घासा, खाचा घासण्याच्या दिशेलाच पडणार, पण लिक्विड क्रिस्टल त्याच्या काटकोनात झोपतं! कारण पॉलिस्टायरिनच्या साखळीतल्या बेंझिनच्या कड्या बाजूला निघालेल्या असतात आणि रेणू त्यांचं ऐकतात. नुसत्या खाचांचा नियम असता तर हे होऊच शकलं नसतं. मी दरवर्षी सांगते, जमलं तर दोन्ही करून बघा, एक दिवस जातो पण डोक्यात कायमचं बसतं.

आता बऱ्याच ठिकाणी घासणं टाळून पोलराइज्ड अल्ट्राव्हायोलेट उजेडानं दिशा देतात, त्याला फोटोअलाइनमेंट म्हणतात. कापडाचे धागे, धूळ आणि स्टॅटिक चार्ज हे तीन त्रास वाचतात.

स्ट्राँग आणि वीक अँकरिंग कसं ओळखायचं?

इथे ती लांबी येते. १९६९ मध्ये रापिनी आणि पापुलार यांनी अगदी साधं लिहिलं: रेणू आवडत्या दिशेपासून जितका कलेल त्याच्या साइनच्या वर्गाइतकी एनर्जी, आणि पुढचा गुणक म्हणजे अँकरिंगची ताकद. इलॅस्टिक कॉन्स्टंटला या ताकदीनं भागलं की एक लांबी मिळते, एक्स्ट्रापोलेशन लेंग्थ. १० पिकोन्यूटनला १० चा उणे चौथा घात यानं भागलं की १०० नॅनोमीटर, उणे सहावा घात यानं भागलं की १० मायक्रॉन. आता तुमची फिल्म ५ मायक्रॉनची आहे. पहिल्या केसमध्ये सरफेस घट्ट आहे, दुसऱ्यात सरफेसचा हुकूम फिल्मच्या जाडीपेक्षाही ढिला, रेणू काचेजवळही बाहेरून दिलेल्या विजेच्या फील्डसोबत फिरणार. तेच सरफेस ५० मायक्रॉनच्या सेलमध्ये बऱ्यापैकी घट्ट वाटेल! म्हणून ‘हे सरफेस स्ट्राँग आहे का’ असं विचारलं की मी आधी जाडी विचारते.

मोजायचं कसं, तर व्होल्टेज देऊन. दोन्ही काचा प्लेनर असल्या तर ५सीबीचे रेणू एका ठराविक व्होल्टेजपर्यंत हलत नाहीत आणि मग अचानक उठायला लागतात, याला फ्रेडरिक्स ट्रान्झिशन म्हणतात. घट्ट सरफेसला हे व्होल्टेज जाडीवर अवलंबून नसतं, ५सीबीला ०.७६ च्या आसपास येतं. पण एक्स्ट्रापोलेशन लेंग्थ १ मायक्रॉन आणि सेल ५ मायक्रॉनचा असेल तर तेच ०.५५ च्या आसपास उतरतं. म्हणून वेगवेगळ्या जाडीचे तीन-चार सेल करा आणि हे व्होल्टेज, म्हणजे थ्रेशोल्ड, बघा. जाडी कमी होताना थ्रेशोल्ड उतरत गेला तर तुमचं अँकरिंग ढिलं आहे. रिकाम्या सेलची जाडी आधी स्पेक्ट्रोमीटरवर इंटरफेरन्सच्या लाटा मोजून काढून ठेवा, फट ठेवायला काचांमध्ये घालतो त्या मायलारच्या पट्टीच्या पाकिटावर ६ मायक्रॉन लिहिलंय म्हणून सेल ६ चा झाला असं धरू नका.

दोन काचा वेगळ्या दिशा सांगत असतील तर?

तर फिल्मला मधे तडजोड करावी लागते, आणि कॅल्क्युलेटर चालतो तो या तडजोडीवरच. वरची काच खालच्या काचेला ९० डिग्रीत फिरवली की आतले रेणू जिन्यासारखे वळत जातात, त्यातून उजेडही वळतो. श्याट आणि हेल्फरिश यांनी १९७१ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि मनगटावरच्या घड्याळापासून सगळीकडे तेच लागलं. व्होल्टेज दिलं की मधले रेणू उठतात, पीळ मोडतो, उजेड अडतो. व्होल्टेज काढलं की रेणू परत पिळात कसे येतात? त्यांना पीळ लक्षात नसतो, काचांना असतो.

दुसरी केस हायब्रिड, एक काच आडवं म्हणते एक उभं. जाड फिल्ममध्ये डायरेक्टर हळूहळू ९० डिग्री वाकतो. फिल्म पातळ करत जा, वाकण्याची एनर्जी वाढत जाते, आणि एका जाडीच्या खाली वाकणं परवडतच नाही, मग कमजोर बाजू सरळ हार मानते आणि सगळी फिल्म घट्ट बाजूच्या दिशेला उभी किंवा आडवी होते. ती जाडी म्हणजे दोन बाजूंच्या एक्स्ट्रापोलेशन लेंग्थमधला फरक, बार्बेरो आणि बार्बेरी यांनी १९८३ मध्ये दाखवलं. म्हणजे एक बाजू ०.१ मायक्रॉनची, दुसरी ०.६ ची, तर अर्ध्या मायक्रॉनच्या खाली फिल्म एकसारखी.

एक बाजू हवेला उघडी असली तर? किंवा पाण्याला?

हवा ५सीबीला उभं करते, पाणी आडवं. म्हणून पाण्यावर किंवा ग्लिसरिनवर पसरलेली फिल्म आपोआप हायब्रिड होते, आणि फार पातळ झाली की तिच्यात पट्टे पडतात.

पाण्याची गंमत पुढे आहे. त्यात साबणासारखा पदार्थ, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, पुरेसा टाकला की तो ५सीबीच्या सीमेवर जाऊन बसतो आणि रेणू उभे होतात, क्रॉस केलेल्या पोलरायझरमध्ये चमकणारी फिल्म बघता बघता काळी पडते. एक रेणूजाडीचा थर बदलला आणि तुम्हाला तो डोळ्यांनी दिसला. १९९८ मध्ये निकोलस ॲबट यांच्या गटानं खास बनवलेल्या सोन्याच्या थरावर प्रोटीन चिकटलं की लिक्विड क्रिस्टलची दिशा बदलते हे दाखवलं, तिथून सेन्सरचं मोठं क्षेत्र उभं राहिलं. मला वैयक्तिकरीत्या वाटतं की आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये हा प्रयोग सगळ्यात आधी करायला हवा, मशीन लागत नाही, दोन पोलरायझर आणि साधा मायक्रोस्कोप पुरतो.

३५ डिग्रीच्या वर ५सीबी साधा द्रव होतो, मग सरफेसचं काही चालतं का?

चालतं! आतला भाग विस्कळीत झालेला असतो पण काचेला लागून काही नॅनोमीटरमध्ये थोडी रांग टिकून असते. ट्रान्झिशनच्या, म्हणजे नेमॅटिकचा साधा द्रव होतो त्या तापमानाच्या, अगदी जवळ हा थर १० नॅनोमीटरपर्यंत जातो, तापमान वाढवलं की आक्रसतो. मियानो यांनी १९७९ मध्ये बायरिफ्रिन्जन्सवरून, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या उजेडाला पदार्थ वेगवेगळा वाकवतो त्यावरून, तो मोजला होता. पिंग शेंग यांच्या हिशोबानं, फिल्मच इतकी पातळ केली की दोन्ही काचांचे असे थर एकमेकांना भिडतील, तर ट्रान्झिशनची ती अचानक उडी राहतच नाही, ऑर्डर सावकाश सरकत जाते. आणि उलटही होतं, खडबडीत, गोंधळलेला सरफेस असला की काचेजवळची ऑर्डर आतल्यापेक्षा कमी होते.

माझी स्लाइड पूर्ण काळी दिसते. होमिओट्रॉपिक झालं म्हणायचं ना?

थांबा. हे मी स्वतः भोगलेलं आहे. एका मे महिन्यात, लॅबचा एसी बंद, आम्ही नवीन सिलेन लावलेले सहा सेल भरले, सगळे काळेभोर, आम्ही खूश, वहीत ‘उत्तम होमिओट्रॉपिक’ लिहून मोकळे झालो. दोन दिवसांनी सकाळी लवकर आलेल्या मुलीला तेच सेल रंगीत ठिपक्यांनी भरलेले दिसले. दुपारी टेबलावर थर्मामीटर ठेवला तर ३७! ५सीबी ३५ ला साधा द्रव होतो, आम्ही दोन दिवस साध्या द्रवाचे फोटो काढत होतो.

तेव्हापासूनचा नियम: काळं दिसलं की स्लाइड थोडी तिरपी करा. उभे रेणू असतील तर तिरपं केल्यावर उजेड येतो, साधा द्रव असेल तर काळं ते काळंच. किंवा काच बोटानं हळूच दाबा, होमिओट्रॉपिक सेल क्षणभर चमकतो. पुण्यात हिवाळ्यात उलटा त्रास, ५सीबी २४ च्या खाली गोठायला पाहिजे पण बरेचदा तसंच द्रव राहून जातं आणि मग कधीतरी मधेच सुया उगवतात. तापमान लिहिल्याशिवाय फोटोला अर्थ नाही.

सेल भरताना गरम का करायचं?

नेमॅटिक अवस्थेत भरलं तर वाहण्याची दिशा काचेवर उमटते आणि रेणू तिथे चिकटून बसतात, नंतर पुसलं जात नाही. ४० डिग्रीला भरा, सावकाश थंड करा.

स्मेक्टिकमध्येही असंच का?

स्मेक्टिक ही लिक्विड क्रिस्टलची दुसरी अवस्था, तिथे रेणू एका दिशेला तर असतातच पण थरांमध्येही बसतात, ५सीबीच्याच घराण्यातलं ८सीबी घेतलं तर साधारण २१ ते ३३ डिग्रीला. त्याची भोक पाडलेल्या पत्र्यावर साबणाच्या फुग्यासारखी मोकळी फिल्म ओढता येते, दोन्ही बाजूंना हवा, काच नाहीच, अगदी दोन-चार थरांची सुद्धा. आणि इथे बाहेरचे थर आतल्यापेक्षा जास्त नीट असतात. काही पदार्थांत फिल्म तापवली की आतले थर आधी वितळतात, बाहेरचे धरून राहतात, आणि फिल्म फुटण्याऐवजी पायरीपायरीनं पातळ होत जाते, हे १९९४ मध्ये दिसलं. सगळा घन पदार्थ कडेनं वितळतो असं आपण शिकलेलो असतो, हे बरोबर त्याच्या उलटं.

भारतात यावर काम झालंय का?

भरपूर. एस. चंद्रशेखर यांनी बेंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सदाशिव आणि सुरेश यांच्याबरोबर १९७७ मध्ये थाळीसारख्या रेणूंचं लिक्विड क्रिस्टल शोधलं, पेपर ‘प्रमाण’ या आपल्याच जर्नलमध्ये आला. तोपर्यंत सगळे काडीसारखेच रेणू बघत होते. थाळीला सरफेसवर पालथं पडायचं की कडेवर उभं राहायचं हा पर्याय असतो, आणि पुढे एलसीडी मॉनिटर बाजूनं बघितला तरी नीट दिसावा म्हणून ज्या फिल्म आल्या त्यात हेच वापरलं, एका बाजूला थाळ्या जवळपास सपाट आणि दुसऱ्या बाजूकडे जाताना हळूहळू उभ्या होत गेलेल्या.

घरी किंवा कॉलेजात कमी पैशात काय बघता येईल?

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जुन्या कॅल्क्युलेटरचे डिस्प्ले मिळतात का बघा, त्याच्या वरचा पोलरायझर ब्लेडनं सावकाश सोलून काढा, काच फोडू नका. मग पोलरायझर हातात धरून फिरवा, आकडे काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे होताना दिसतील, आतल्या पिळानं उजेड कसा वळवलाय ते तुम्ही बघताय. चालू डिस्प्लेवर बोटानं अगदी हळू दाबलं की रंग पसरतो, कारण फटीची जाडी बदलली.

बोट लागलं तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. एका मुलानं पॉलिइमाइड लावायच्या आधी काच कडेला धरायच्या ऐवजी मधे धरली होती, धुतल्यावर साध्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, थर दिला, घासला, भरला. पोलरायझरमध्ये ठेवल्यावर सेलच्या मधोमध त्याच्या अंगठ्याचा ठसा, एक एक रेघ मोजता येईल असा.